कॉलरच्या आतला दोरा

चारही शर्ट परत आले होते, आणि पिशवी पूर्ण उघडायच्या आधीच वहिनीला कळलं की एकही अंगाला लागलेला नाही. घडी तिचीच होती. बाह्या पाठीमागे, कॉलर वर, खालचा घेर दोनदा आत. अख्ख्या लॉन्ड्रीत अशी घडी दुसरं कुणी घालत नाही. धाकट्या दिराची घडी तिच्याहून सुरेख, पण ती तीनपदरी. तीन आठवड्यांपूर्वी तिने हे शर्ट त्याच्यासाठी दवाखान्यात पाठवले होते, आणि आज सिस्टरने ते तसेच्या तसे तिच्या हातात ठेवले.

"घालतच नाहीत ते," सिस्टर म्हणाली. "मी दोनदा म्हटलं, घरचे कपडे घाला, जरा बरं वाटेल. तर म्हणतात, मला तुमचेच बरे."

वहिनीला ते लागलं. ती या घरात आली तेव्हा धाकटा नऊ वर्षांचा होता, सासूबाई आधीच गेलेल्या, आणि शाळेच्या शर्टाची बटणं लावून घ्यायला तो रोज सकाळी तिच्यासमोर हनुवटी वर करून उभा राहायचा. आज तो चव्वेचाळीस वर्षांचा होता आणि तिचा शर्ट त्याला नको होता.

तिसऱ्या मजल्यावरच्या भेटीच्या खोलीत घरातली मंडळी जमली होती. पाच खुर्च्या, एक टेबल, आणि दुसरीकडे जागा नाही म्हणून कोपऱ्यात ठेवलेलं वजनाचं यंत्र. वहिनीचे यजमान, म्हणजे घरातले थोरले, त्या यंत्राला टेकून उभे होते आणि त्यांच्या कोपराच्या भाराने काटा मधूनच उडी मारत होता. सून आठ महिन्यांच्या बाळाला शेजारणीकडे ठेवून आली होती. मुलगा लॉन्ड्रीवर थांबला होता, कारण कुणी आजारी पडलं म्हणून गिऱ्हाइकांचे कपडे मळायचे थांबत नाहीत. आणि नणंद. तिला माघारी सगळं घर फौजदार म्हणतं, तिलाही ते ठाऊक आहे, आणि मनातून ते तिला आवडतं.

फौजदार घरून थर्मास घेऊन आली होती, बरोबर कागदी पेल्यांची चवड.

"म्हणजे कुणाला वेगळं वाटायला नको," ती चहा ओतत म्हणाली. घरी कागदी पेल्यातून कोण पितं, हे कुणी तिला विचारलं नाही.

सिस्टर खुर्ची ओढून बसली. पन्नाशीची, बुटकी, पायात मऊ चपला. पहिल्या दिवशी ती धाकट्याच्या पलंगावर सरळ बसली होती, त्याचा हात आपल्या हातात घेऊन नाडी मोजत, आणि वहिनीने डोळे मोठे करून ते पाहिलं होतं. त्याआधी ज्या खासगी दवाखान्यात त्याला नेलं होतं तिथे तपासणीचा कागद आल्यापासून त्याचं ताट दाराशीच ठेवून जायचे, आणि पलंगाच्या उशाशी एक पिवळा कागद डकवला होता. इथे उशाशी फक्त भिंत होती.

"न्युमोनिया बरा झालाय," सिस्टर म्हणाली. "गोळ्या चालू आहेत, त्या आता रोज, कायमच्या. आज त्यांना सोडतोय. फक्त कुठे सोडतोय ते लिहायचं राहिलंय." तिने टेबलावरचा फॉर्म त्यांच्याकडे वळवला. सगळ्या ओळी भरल्या होत्या, पत्त्याची तेवढी कोरी होती. "ते म्हणतात, घरी नको. आमचं एक निवास आहे, ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी. तिकडे पाठवा म्हणतात. बारा वाजता गाडी येते."

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

"तो स्वतःहून म्हणतोय ना?" फौजदारने विचारलं, आणि तिच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं. ते लपवायला तिने पटकन चहाचा घोट घेतला. "मग त्याच्या मनासारखं होऊ द्या. आम्ही येत जाऊ की भेटायला. सिस्टर, जागेचा प्रश्न नाही हो, पण घरात तान्हं बाळ आहे. सुनेच्या जिवाला किती घोर."

"कुणाच्या?" सून म्हणाली.

"तुझ्या गं."

"आत्या, माझ्या नावावर बिल फाडू नका." सून घरात एरवी इतकं हळू बोलायची की थोरल्यांना, ज्यांचे कान बॉयलरपाशी उभं राहून निम्मे गेले होते, तिचं बोलणं वहिनीने परत सांगावं लागायचं. आज त्यांनाही ऐकू गेलं. "मी दर गुरुवारी येते काकांना भेटायला. बाळाला घेऊन. खाली बागेत बाकावर बसतो आम्ही. काकांच्या मांडीवर तो झोपलाय सुद्धा."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. "गुरुवारी तू आईकडे जातेस ना?"

"आईकडेही जाते," सून म्हणाली.

फौजदारने भावाकडे पाहिलं. हिवाळ्यात लॉन्ड्रीसाठी नवं यंत्र घ्यायचं का नाही यावरून घरात दोन तट पडले तेव्हापासून बहीण-भाऊ एका बाजूला होते. वहिनीलाही आज तेच अपेक्षित होतं. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. दोघांनी मिळून नको म्हणावं आणि आपल्यावर काही येऊ नये, असं तिला सकाळपासून वाटत होतं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटत होती.

थोरले घसा खाकरून म्हणाले, "सिस्टर, एक विचारू का? धंद्यातलं विचारतोय. याच्या चादरी, कपडे, हे तुम्ही कुठे वेगळं धुता?"

"तुमच्याकडे," सिस्टर म्हणाली.

"नाही, आमच्याकडे दवाखान्याचे नेहमीचे येतात. मी याचे म्हणतोय."

"तेच. मंगळवारी आणि शुक्रवारी तुमचा टेम्पो नेतो ना? त्यातच. ह्या मजल्याचे, वरच्या मजल्याचे, बाळंतिणींचे, सगळे."

वजनाच्या यंत्राचा काटा थरथरून शून्यावर आला. थोरले सरळ उभे राहिले होते.

"रक्त लागलेली चादर वेगळ्या पिशवीत येते, ती तुम्ही उकळता," सिस्टर सांगत होती. "ती कुणाचीही असते. कुणाची आहे ते आम्ही बघत नाही, काय लागलंय ते बघतो. हा आजार असलेले लोक ह्या मजल्यावर मी आल्यापासून आहेत, म्हणजे अकरा वर्षं. बाकीच्या मजल्यांवरही असतात. कित्येकांना स्वतःलाच माहीत नसतं."

फौजदारने पेला खाली ठेवला. दवाखान्याच्या चादरींच्या घड्या दर बुधवारी आणि शनिवारी तीच घालते. हनुवटीखाली एक टोक दाबून धरायचं, दोन्ही हात पसरायचे, आणि अंगावरून चादर निम्मी करत आणायची, ही तिची पद्धत. तिने आपले तळवे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मग नकळत हनुवटीवरून हात फिरवला.

"अकरा वर्षं," ती म्हणाली.

"आणि ठणठणीत आहात."

"आम्हाला सांगायला नको होतं का?"

"काय सांगायचं? साबण आणि गरम पाणी वापरता ना तुम्ही?"

"म्हणजे काय?" थोरल्यांना हे झोंबलं. "नव्वद वर्षांची लॉन्ड्री आहे आमची."

"मग झालं," सिस्टर म्हणाली. "कपड्यांतून, ताटातून, न्हाणीघरातून, जवळ बसून, मिठी मारून हा पसरत नाही. रोज गोळ्या घेतल्या की काही महिन्यांत रक्ताच्या तपासणीत सापडेनासा होतो, आणि तसाच राहिला की जोडीदारालाही होत नाही. हे मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं."

सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, आणि खाली उतरताना जिन्याच्या कठड्याला कुणी हात लावला नव्हता.

"पण त्याला घरी का नको?" थोरल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज एकदम उतरला. "मी तर त्याला काही बोललो नाही. कुठून आलं, कसं आलं, एका शब्दाने विचारलं नाही. घरात सगळ्यांना बजावलं, विचारायचं नाही म्हणून."

"मी विचारलं त्यांना," सिस्टर म्हणाली. " ते म्हणाले, घरी माझी जागा ठरवून झालीय, ती मला बघवत नाही."

"कसली जागा? त्याची खोली आहे तशी आहे."

कुणाला काही कळलं नाही. वहिनीच्या मांडीवर ती पिशवी होती, आणि तिने ती दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

त्यांच्या लॉन्ड्रीत आलेल्या प्रत्येक कपड्याला आतून एक टाका पडतो. ही आजेसासऱ्यांची रीत. वाचता न येणाऱ्या कामगारालाही कळावं म्हणून त्यांनी दोऱ्याचे रंग ठरवले होते. पांढरा म्हणजे साधी धुलाई, मोठ्या हौदात, सगळ्यांबरोबर. निळा म्हणजे खळ. हिरवा म्हणजे रंग जाणारा. आणि लाल. त्यांच्या तरुणपणी गावात साथ आली होती, तेव्हा ज्या घरांतून माणसं दगावत होती त्या घरच्या कपड्यांना लाल टाका पडायचा. वेगळं भांडं, वेगळी काठी, कशातही मिसळायचं नाही. साथ गेली, लाल दोऱ्याचं रीळ मात्र गल्ल्याशेजारच्या खणात पडून राहिलं, रंग फिका होत.

तीन आठवड्यांपूर्वी, एका दुपारी, वहिनीने तो खण उघडला होता.

"मी बोलते त्याच्याशी," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन उठली.

धाकटा खिडकीजवळच्या पलंगावर बसला होता. अंगावर दवाखान्याचा फिका निळा सदरा, गळ्यापाशी बारीक पांढरा टाका. तो उशीचा अभ्रा मांडीवर घेऊन तळहाताने त्याच्या सुरकुत्या काढत होता. तीस वर्षं इस्त्री धरलेल्या माणसाचा हात रिकामा राहत नाही. गालांची हाडं वर आली होती, पण डोळे स्वच्छ होते. समोरच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याचा अभ्रा आधीच कडक होऊन उशीवर चढला होता.

"बस, वहिनी," तो म्हणाला आणि खुर्ची दाखवली. ती जरा लांब होती. त्याने ती मुद्दाम लांब ठेवली होती, हे वहिनीला दिसलं.

ती पलंगावर बसली. सिस्टर बसते तशीच, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी.

"शर्ट का नाही घातलेस?"

"इथले बरे आहेत."

"खोटं बोलू नकोस. खांद्यात केवढा ढगळ आहे हा. तू दुसऱ्या कुणाला असा घालू दिला नसतास."

त्याने हसू दाबलं. मग पिशवीतला सगळ्यात वरचा शर्ट काढला, घडी न मोडता नुसती कॉलर उलटली, आणि तिच्यासमोर धरली. आतल्या पट्टीवर, शिवणीच्या अगदी कडेला, तिळाएवढा लाल टाका होता.

"इतका बारीक टाका अजून घालतेस," तो म्हणाला. "दृष्टी चांगली आहे तुझी."

वहिनीने बोलायचा प्रयत्न केला. हौदावरच्या माणसांसाठी होता तो, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तुझे कपडे परत येतील तेव्हा त्यांना कळावं, बाळाचे कपडे असतात त्याच हौदात, एवढंच. त्या दुपारी हेच तिने स्वतःला सांगितलं होतं. कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी घालते, त्याला कळणारही नाही. आणि हे सगळं तिने अशा माणसाबद्दल ठरवलं होतं, जो गेली तीस वर्षं कुठलाही शर्ट हातात आला की आधी कॉलर उलटून बघतो.

"मला गल्ल्याच्या फळीवर बसवून शिकवायचीस, आठवतं?" तो म्हणाला. "पांढरा म्हणजे काय, निळा म्हणजे काय. लाल म्हणजे काय, म्हणून विचारायचीस. मी काय सांगायचो?"

"नको ना."

"कशातही मिसळायचं नाही." तो रागाने बोलत नव्हता. शाळेत पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं त्याने म्हटलं. "बरोबर उत्तर दिलं की एक लिमलेटची गोळी द्यायचीस. तर मी म्हटलं, वहिनीने उत्तर दिलंय. आता घरी जाऊन तिला परत तोंडाने कशाला बोलायला लावा. इथल्या सगळ्या कपड्यांना पांढरा दोरा आहे बघ. तुझ्याच हातचा."

वहिनी रडली. गाजावाजा न करता, हातातली पिशवी तशीच धरून रडली. समोरचा म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडून राहिला, आणि धाकट्याने मांडीवरचा तो नुकताच सारखा केलेला अभ्रा तिच्यापुढे केला. तिने त्यातच डोळे पुसले.

"मला भीती वाटली," ती म्हणाली. "सिस्टरने सगळं सांगितलं होतं, तरी वाटली. बाळाची म्हटलं, पण बाळाची नव्हती. माझीच होती. तुझी बटणं लावलीत मी, आणि तुझ्या शर्टाला हात लावायला घाबरले. माझं चुकलं रे. फार चुकलं."

खिडकीखाली दवाखान्याच्या फाटकातून एक पांढरी गाडी आत येत होती. अजून बाराला वीस मिनिटं होती.

वहिनीने शर्ट ओढून घेतला. "कात्री आहे का?"

"इथे कुठली कात्री?"

मग ती नेहमी करायची तेच तिने केलं. टाका नखाने उचलला, कॉलर तोंडाशी नेली आणि दोरा दातांनी तोडला. लाल तुकडा जिभेवर आला, तो बोटाने काढून तिने पदराच्या टोकात बांधला. दुसरा शर्ट घेतला. तिसरा. चौथ्याची गाठ पक्की होती, तिची गाठ नेहमी पक्की असते, आणि तिला दोनदा दात लावावा लागला.

"दात जपून," धाकटा म्हणाला.

"जपून काय करायचेत? हात वर कर."

तिने त्याच्या गळ्याची नाडी सोडली, दवाखान्याचा सदरा डोक्यावरून काढला आणि घरचा शर्ट त्याच्या खांद्यांवर चढवला. फासळ्या मोजता येत होत्या. ती वरून एकेक बटण लावत आली आणि त्याने, पस्तीस वर्षांनी, हनुवटी वर केली.

दाराशी हालचाल झाली. थोरले, सून आणि फौजदार येऊन उभे होते, मागे सिस्टर. किती वेळचे उभे होते कुणास ठाऊक. थोरले आत आले आणि काय करावं हे न सुचून त्यांनी काढलेला सदरा उचलला, झटकला आणि बगलेत मारला.

"बाबा, तो दवाखान्याचा आहे," सून म्हणाली.

"शुक्रवारी आपल्याकडेच यायचाय," थोरले म्हणाले. "तीन दिवस आधी गेला तर काय बिघडलं?"

फौजदार उंबरठ्यावरच होती. तिची नजर धाकट्याच्या चेहऱ्यावरून गळ्याकडे गेली आणि तिथेच अडली. शर्टाची कॉलर मागून उलटी राहिली होती. तिने एकदा दाराची चौकट घट्ट धरली. मग उलटी कॉलर जास्त वेळ बघणं तिला शक्य नसल्याने ती तरातरा आत आली, धाकट्याची मान एका हाताने पुढे वाकवली आणि दुसऱ्या हाताने कॉलर बसवली.

"असा जाणार होतास लोकांत?" ती म्हणाली. "लॉन्ड्रीचं नाव घालवशील अशानं."

तिचा हात त्याच्या मानेवर होता, आणि तो तिथे असल्याचं तिच्या लक्षात आलं ते नंतर. तिने तो एकदम काढला नाही. जरा वेळाने काढला. वहिनीने ते पाहिलं. एवढ्यावरच फौजदार बदलली असं कुणी समजू नये. संध्याकाळी घरी ती कागदी पेले पुन्हा काढेल, आणि ते कुणाला तरी परत आत ठेवावे लागतील. पण सुनेने आत्ताच तो थर्मास आपल्या पिशवीत टाकला होता आणि पेल्यांची चवड भेटीच्या खोलीतल्या टेबलावर विसरली होती. मुद्दाम विसरली होती.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. सिस्टर फॉर्म घेऊन पुढे आली. पेनचं टोपण काढून ती धाकट्याच्या पायाशी बसली आणि इतरांपैकी कुणाकडेही न बघता तिने त्यालाच विचारलं, "सांगा, काय लिहू?"

वहिनीला वाटलं, आपण बोलावं, आणि आपला तो हक्क आपणच गमावलाय हेही तिला वाटलं. ती पदराची गाठ चाचपत राहिली.

धाकटा उरलेल्या तीन शर्टांपैकी एकाची कॉलर उलटून बघत होता. टाका गेला होता, पण त्या जागी सुईची दोन भोकं राहिली होती, त्याच्या डोळ्यांना दिसण्याइतकी. तो त्यांच्यावरून अंगठा फिरवत होता.

"भोकं राहिली, वहिनी."

"राहिली," ती म्हणाली. "माझ्याच हातची आहेत."

"अशी नाही जायची. पाण्याचा हात लावायला हवा, आणि वरून इस्त्री. जरा जड हाताने." त्याने शर्टाची तीनपदरी घडी घातली आणि तो मांडीवर ठेवला. "घरी गेल्यावर करतो."

सिस्टरने पत्त्याच्या कोऱ्या ओळीवर पेन टेकवलं. ती लिहू लागली.